बिजलीचं शिंगरू

समाधानच्या लग्नात कार्यालय, जेवण, आहेर, फोटोवाला, सगळं मुलीकडच्यांनी ठरवलं. समाधानच्या वाट्याला एकच काम आलं, घोडी आणायची. चाकणच्या कंपनीत ब्रेकचे सुटे भाग तपासणारा आणि प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेला माणूस एक घोडी आणू शकणार नाही, असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्यालाही नाही.

घोडी शोधायचीसुद्धा नव्हती. त्याच्या आईने, गोजाबाईंनी, ती आधीच मुक्रर केली होती. चिखलीच्या इनायतभाईंची पांढरी बिजली. रहाटणीतल्या समाधानच्या सोसायटीत ज्या ज्या पोराचा परण्या, म्हणजे मांडवाकडे जाणारी मिरवणूक, बिजलीवरून निघाला, त्याचा संसार धड चालला होता. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने हौसेने उघडी मोटार सजवून नेली, त्याची बायको पहिल्या दिवाळीला माहेरी गेली ती तिकडचीच झाली. एवढ्याशा पुराव्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, नमुना फार लहान आहे, असं समाधानने आईला सांगून पाहिलं.

"मग कर की मोठा नमुना," आई म्हणाली. "तू बी बस बिजलीवर. एकानं वाढंल."

म्हणून दिवाळीच्या थोडं आधी समाधान चिखलीला गेला. इनायतभाईंचा तबेला म्हणजे दोन वर्कशॉपांच्या मधली पत्र्याची शेड. एका बाजूला वेल्डिंगच्या ठिणग्या, दुसऱ्या बाजूला ग्राइंडरचा आक्रोश, आणि मधे बिजली डोळे अर्धवट मिटून कडबा चघळत उभी. वरातीतले भोंगे ऐकलेल्या जनावराला हे सगळं भजनासारखं वाटत असावं. त्या दिवशी मात्र तिच्याकडे पाहून समाधान थबकला. तिचं पोट दोन्ही बाजूंनी पखालीसारखं सुटलं होतं.

"गाभण आहे," इनायतभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात असा काही तोरा होता, की जणू हे त्यांनी स्वतः केलं असावं. "घाबरू नका समाधानराव. दिवाळीच्या आसपास मोकळी होईल. तुमचं लग्न मार्गशीर्षात. तोपर्यंत बिजली पुन्हा सडपातळ. शिंगराचा बाप कोण माहीत आहे का? तळेगावचा घोडा. असली मारवाडी. गेल्या वर्षी आषाढात नेलं होतं बिजलीला. हे बघा."

त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. घोड्याचे कान आत वळून टोकाला टोक टेकलेले होते, कुणी नमस्कारासाठी हात जोडावेत तसे.

"असे कान असलेलं जनावर पूर्ण पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाकडे नाही. दोन वर्षांनी लोक नवरदेवाकडे बघणार नाहीत, कानांकडे बघतील."

आषाढात तळेगावला नेलेली घोडी पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत कशी थांबली, हा प्रश्न समाधानला पडला. घोडी साधारण अकरा महिन्यांत विते. त्याने तसं विचारलंही.

"खानदानी औलाद आहे," इनायतभाई म्हणाले. "सावकाश येते."

एरवी समाधान असं उत्तर ऐकून घेणारा नव्हता. कंपनीत एखादा भाग केसभर जाड निघाला, तरी तो अख्खी पेटी परत पाठवत असे. पण माणूस स्वतःच्या लग्नाच्या कामाला निघाला, की त्याच्यातला तपासनीस रजेवर जातो.

दिवाळी झाली आणि एका सकाळी फोन आला. पलीकडे इनायतभाई, पण आवाजातला तोरा गेलेला. "समाधानराव, तुम्ही त्यातले शिकलेले. जरा येऊन बघता का. शिंगरू झालं. तब्येत चांगली आहे. फक्त कान जास्त आलेत."

समाधान गेला. शिंगराचे कान टोकाला टोक टेकत नव्हते. ते सरळ वर गेले होते, आणि बरेच वर गेले होते.

इनायतभाईंची बायको खैरुन्निसा गोणपाटाने त्याचं अंग पुसत होती. ते अजून ओलं होतं, उंदरी रंगाचं, पाठीवरून शेपटीपर्यंत काळी रेघ ओढलेलं, आणि नाकपुड्यांभोवती असं फिकट, की जणू पिठाच्या डब्यात तोंड घालून आलंय. शेपटी बुडाशी बारीक, केसांचा झुपका पार टोकाला. खूर अरुंद. पाय चार, पण चौघांचं आपसात काही ठरलेलं दिसत नव्हतं. एक पुढे गेला की दुसरा बाजूला जाई. तरी ते उभं होतं, आणि पडलं की पुन्हा उभं राहत होतं. दर वेळी बिजली खालच्या आवाजात घुंघुं करून त्याला काहीतरी सांगत होती.

समाधानच्या पुस्तकात खेचरावर दीड पान होतं. त्याने ते परीक्षेत जसंच्या तसं लिहून मार्क मिळवले होते. त्या दीड पानात खेचराला पापण्या असतात, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. या शिंगराला लांब, ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या पापण्या होत्या, आणि त्यांच्या आडून ते समाधानकडे अशा नजरेने बघत होतं, की जणू नवखा तोच आहे.

घोड्याची आणि गाढवाची वाट फुटली ती माणूस माणूस होण्याच्या कितीतरी आधी. लाखो वर्षं दोघं आपापल्या दिशेने चालत राहिले. एकाकडे गुणसूत्रं चौसष्ट, दुसऱ्याकडे बासष्ट. एकाचा आवाज एक, दुसऱ्याचा दुसरा. आणि इंद्रायणीकाठच्या कुठल्याशा गवतात त्या वाटा पुन्हा एकत्र आल्या आणि हे तयार झालं. याच्या अंगातल्या पेशीपेशीत त्रेसष्ट गुणसूत्रं होती, आणि तरी त्याला भूक लागली होती, आणि दूध कुठे असतं ते त्याला कुणी न सांगता ठाऊक होतं.

"काय वाटतं?" इनायतभाईंनी विचारलं.

खरं बोलण्याची एक वेळ असते आणि ती साधायला चातुर्य लागतं. समाधानकडे अचूकपणा होता, चातुर्य नव्हतं. शिवाय तो बोलायला आणि शेजारचा ग्राइंडर बंद पडायला एकच गाठ पडली.

"चाचा, हे खेचर आहे."

दोन्ही वर्कशॉपांतली माणसं वळून बघायला लागली.

"कान बसतील हळूहळू," इनायतभाई म्हणाले. "लहानपणी माझेही मोठे होते."

"अजून आहेत," खैरुन्निसा गोणपाट पिळत म्हणाली.

मग उलगडा झाला. चातुर्मासात लग्नं नसतात. घोडीला काम नाही आणि शेडमध्ये पाय मोकळे करायला जागा नाही, म्हणून इनायतभाई दर वर्षी बिजलीला नदीकाठी दत्तोबांच्या रानात सोडत. दत्तोबांची गाढवं चिखलीच्या बोळांतून, जिथे टेम्पो वळत नाही तिथे, विटा आणि वाळू पोचवत. पावसाळ्यात बांधकामं थंडावली की तीही रानात. तळेगावच्या घोड्याकडची खेप फुकट गेली होती. पुढे तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर रानात जे व्हायचं ते झालं, आणि इनायतभाई वर्षभर मोबाइलमधल्या फोटोकडे बघत राहिले.

वेल्डरने फोन केला असावा. तासाभरात दत्तोबा हजर झाले. हातात गुळाचा खडा. शिंगराकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"व्हय," ते म्हणाले. "आमच्या राजाचंच हाय. कपाळ बघा की. अक्षी बापावर गेलंय." मग इनायतभाईंच्या हातावर गुळाचा खडा ठेवून म्हणाले, "घ्या, तोंड ग्वाड करा. आता आपुन व्याही झालो."

इनायतभाई उपड्या बादलीवर बसले आणि त्यांनी पंच्याने तोंड झाकून घेतलं. "समाधानराव," पंच्याआडून आवाज आला, "ही गोष्ट या शेडबाहेर गेली, तर बिजलीवर उद्या कोण बसेल?"

ती गोष्ट समाधान घरी पोचायच्या आत रहाटणीत पोचली होती. सोसायटीचे सेक्रेटरी नवनाथ गेटवर वाट बघत होते. त्यांच्यामागे बाकावर संध्याकाळची नेहमीची मंडळी.

"भावा, पहिलं पार्किंगचं सांगतो. पाहुण्यांच्या जागेत एक वाहन. घोडी एक वाहन धरू. शिंगरू जादा होतंय. त्याची मीटिंग घ्यावी लागेल." नवनाथांनी एवढं कर्तव्य उरकलं आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "पण मला एक सांग. हे होतंच कसं? मग काय कुणाचंही कुणाशीही होतं का राव?"

समाधानला आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्याच्या विषयातलं विचारलं होतं. तो बाकावर बसला. वाघ आणि सिंह? होतं, पिंजऱ्यात एकत्र ठेवले तर. लांडगा आणि कुत्रा? सहज होतं, ते जवळचे नातलग. शेळी आणि मेंढी? क्वचित गर्भ राहतो, पण बहुतेक वेळा टिकत नाही. "आमच्या मावसभावाच्या शेळीला कोकरू झालं होतं," एक जण म्हणाला. "कोकरासारखं दिसणारं करडू झालं असेल," समाधान म्हणाला आणि त्या माणसाशी त्याचे संबंध कायमचे बिघडले. गाय आणि म्हैस? एका गोठ्यात जन्म काढतात पण नाही. मात्र गाय आणि हिमालयातला याक, होतं. कोंबडा आणि बदक? नाही. मांजर आणि ससा? नाही, फोटो खोटे असतात.

"म्हणजे दिसायला जवळ असून भागत नाही," नवनाथ म्हणाले.

"आतून जवळ असावं लागतं. आणि तेही एका मर्यादेत. हे शिंगरू वाढेल, घोड्यापेक्षा काटक होईल, गाढवापेक्षा उंच होईल. शरीर चालवायला त्रेसष्ट गुणसूत्रं पुरतात. पण पुढची पिढी करायची तर त्यांच्या जोड्या लागाव्या लागतात, आणि त्या याच्यात नीट लागत नाहीत. म्हणून खेचराला पिल्लं होत नाहीत."

 

"म्हणजे त्याच्या मागं त्याच्यासारखं कुणी नाही," नवनाथ म्हणाले, "आणि पुढं पण कुणी नाही."

"नाही."

"अवघड आहे राव," नवनाथ म्हणाले आणि शिंगराच्या पार्किंगसाठी मीटिंग घ्यायचं त्यांनी तिथेच रद्द केलं.

सगळेच नवनाथांसारखे निघाले असते तर ही गोष्ट इथे संपली असती. मिरवणुकीची परवानगी काढायला समाधान गेला, तेव्हा खिडकीपलीकडच्या माणसाने संगणकावर नजर ठेवून विचारलं, "जनावर कोणतं?" घोडी, समाधान म्हणाला. तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण मिरवणुकीत शिंगरू येणार असेल तर ते सांगायला हवं, या विचाराने त्याने सांगितलं. मग ते कोणतं, असं विचारणं आलं. संगणकात घोडा होता, बैल होता, उंटही होता. खेचर नव्हतं. "घोडा टाका," समाधान म्हणाला, आणि लगेच, "पण ते बरोबर होणार नाही." "गाढव टाकू?" "तेही बरोबर होणार नाही." त्या माणसाने प्रथमच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि "इतर" वर बोट ठेवलं. "इतर"ला जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. डॉक्टरांनी शिंगराला हसत हसत तपासलं, आणि दाखल्यावर शेरा मारला की जनावर निरोगी असून वरातीस भीत नाही. हे शेवटचं त्यांनी कशावरून ठरवलं, हे समाधानने विचारलं नाही. तो शिकत होता.

खरी अडचण तळेगावात बसली होती. समाधानच्या होणाऱ्या बायकोचे, स्वरूपाचे, वडील सोपानराव कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, शर्टाचं वरचं बटण लावणारे गृहस्थ. त्यांची सासुरवाडी बीडकडच्या अशा गावातली, जिथे धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात. मानाचं समजतात. सोपानरावांनी ते समजून घेतलं नव्हतं. त्यांना बसवलं त्या धुळवडीनंतर पुढची अनेक वर्षं ते सासुरवाडीला फिरकले नव्हते, आणि घरात गाढव हा शब्द रागातसुद्धा कुणी उच्चारत नसे.

"मी ऐकलं ते खरं का?" त्यांनी विचारलं. "परण्यात गाढवाचं पोर येणार?"

"मामा, ते गाढव नाही. खेचर आहे."

"त्याचा बाप कोण?"

"गाढव."

"झालं तर मग." सोपानरावांनी पाण्याचा तांब्या दूर सारला. "समाधानराव, घोडी आणा, हत्ती आणा, चालत या. पण माझ्या मांडवाच्या दारात ते कान दिसले, तर मी मुलगी बोहल्यावर उभी करणार नाही. लोक हसतील ते तुम्हाला नाही. मला हसतील. आणि माझं एकदा हसं झालंय."

ते मोठ्याने बोलले नाहीत, म्हणून समाधानला जास्त भीती वाटली. स्वरूपा त्याला सोडायला फाटकापर्यंत आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. चेहरा पडलेला बघून समाधान तिचं सांत्वन करणार, इतक्यात ती हळूच म्हणाली, "फोटो आहे का?"

त्याने दाखवला. तिने तो बोटांनी मोठा केला, आधी कान, मग डोळे. बराच वेळ बघत राहिली.

"अण्णा बोलले तसं करतात," ती म्हणाली. "आपलं लग्न मोडू देऊ नका." आणि मग फोन परत देताना, "खेचराला पिल्लं होत नाहीत असं शिकवते ना, तेव्हा मुलं विचारतात, मग त्याला वाईट वाटतं का म्हणून. मी म्हणते, ते परीक्षेला नाही."

आता एकीकडे आई आणि एकीकडे सासरे. दुसरी घोडी घेऊ, म्हटल्यावर गोजाबाईंनी जेवण टाकलं नाही, पण वाढणं टाकलं. "तुला तुझ्या शास्त्राचं पडलंय. मला तुझ्या संसाराचं. बिजली म्हणजे बिजली." शिंगराला शेडमध्ये ठेवून बिजलीला एकटीला नेऊन बघितलं, तर ती वेल्डिंगच्या दुकानापुढे चार पाय रोवून उभी राहिली, आणि शेडमधून पिल्लाची हाक येताच इनायतभाईंना लगामासकट ओढत परत गेली. इनायतभाईंच्या गुडघ्याला लागलं, पण जास्त लागलं ते दत्तोबांच्या बोलण्याने. "व्याही," ते म्हणाले, "लेकराची माया हाय ती. तुमच्या लगामाचं काय चालनार?"

शेवटी समाधानने डोकं चालवलं. बिजलीला शिंगरू दिसायला हवं असं नाही. त्याचा वास आला आणि ते पुढे आहे एवढं कळलं की पुरे. म्हणून परण्याच्या पुढे एक बंद हुडाचा छोटा टेम्पो. मागे ताडपत्रीचा पडदा, त्यावर "शुभविवाह". आत शिंगरू, त्याला धरून खैरुन्निसा. टेम्पोच्या मागे लगेच बिजली, बिजलीवर समाधान, मागे ताशा आणि वऱ्हाड. कार्यालयाच्या अलीकडच्या गल्लीत टेम्पो वळणार, बिजलीला तेवढी शेवटची दहा पावलं इनायतभाई रेटून नेणार, दारात कान दिसणार नाहीत. चिखलीत दोनदा तालीम झाली. बिजली पडद्याला नाक लावून मुकाट चालली. समाधानने स्वतःला शाबासकी दिली. दत्तोबा नातवाच्या लग्नाला आल्यासारखे गुलाबी फेटा बांधून टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसणार होते, ते कुणी ठरवलं नव्हतं, पण नाही म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही.

लग्नाच्या दिवशी मारुतीचं दर्शन होईपर्यंत सगळं तालमीसारखं झालं. समाधान जरीच्या शेरवानीत, हातात कट्यार, कट्यारीला लिंबू, मुंडावळ्या डोळ्यांवर. इनायतभाईंनी लगाम धरलेला. मागे गोजाबाई डोळे टिपत चाललेल्या, नवनाथ गर्दीला वाट करून देण्याच्या निमित्ताने वाट अडवत चाललेले. काळेवाडीच्या बाजूच्या चौकात परण्या पोचला आणि ताशेवाल्यांना तिथे चेव आला. वाहनं तुंबली. चौकातल्या हवालदाराने शिट्टी मारली आणि सगळ्यात पुढच्या वाहनाला, म्हणजे टेम्पोला, हाताने सांगितलं, चल, पुढे घे. त्याच्या दृष्टीने तो एक साधा टेम्पो होता. ड्रायव्हरने पुढे घेतला. मधे दोन रिक्षा आणि एक बस घुसली.

बिजलीने पडदा लांब जाताना पाहिला.

समाधानला घोडीबद्दल पुष्कळ माहिती होती. तिच्या जठराची रचना, दातांवरून वय, हृदयाचे ठोके. ती पळायला लागल्यावर काय धरायचं, हे अभ्यासक्रमात नव्हतं. त्याने आधी कट्यार धरली, मग लिंबू, मग दोन्ही सोडून आयाळ. इनायतभाई लगामाबरोबर काही पावलं धावले आणि मग लगाम एकटाच धावला. "सोडा, तिला सोडा, तिला रस्ता माहीत आहे," ते मागून ओरडत होते. तिला कार्यालयाचा रस्ता कुठून माहीत असणार, हा विचार समाधानच्या मनात आला, पण तो पुरा करायला सवड नव्हती. बसच्या खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. एका मुंडावळीचा मोत्याचा सर तोंडात गेला होता. टेम्पो पुढे, आणि मागे शेपूट उंच करून पांढरी घोडी, हॉर्न वाजवणाऱ्यांच्या मधून वाट काढत, कुणालाही न तुडवता. आपल्याला कुठे जायचंय हे आयुष्यात इतकं नेमकं आपल्याला कधी कळलेलं नाही, असं समाधानला त्या हादऱ्यांतही वाटून गेलं.

कार्यालयाच्या दारात सोपानराव, त्यांचे भाऊ, आरतीची ताटं घेतलेल्या बायका आणि गुरुजी उभे होते. मराठी लग्नात मुलाकडचे वेळेवर येत नाहीत, म्हणून सगळे निवांत होते. आधी टेम्पो आला, मागची घोडी बघून गल्लीत वळायचं विसरलेला, आणि जोरात ब्रेक दाबून थांबला. त्यातून गुलाबी फेटा उतरून मागे धावायला लागला. मग नवरदेव आला, एकटा, वऱ्हाडाशिवाय, मुहूर्ताच्या बराच आधी. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते बंद पडलंय असं समजून कानाला लावलं.

आणि घोडी टेम्पोच्या मागे येऊन थांबली, तेव्हा "शुभविवाह" बाजूला सारून, खैरुन्निसाच्या हातून निसटून शिंगराने रस्त्यावर उडी मारली.

मांडवाच्या दारात, औक्षणाच्या ताटांपुढे, दोन्ही कान पुरे वर.

कुणी हसलं नाही, पण हसायच्या आधीची जी शांतता असते ती पसरली. सोपानरावांचा चेहरा समाधानला वरून स्पष्ट दिसला. त्यांचा हात शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. त्यांच्या भावाने "वहिनी, मुलीला आत थांबवा" असं म्हटलेलंही त्याला ऐकू आलं. 

शिंगरू गर्दीकडे न बघता बिजलीच्या पोटाखाली शिरलं. तिची कास डोक्याने दोनदा ढुसलून त्याने तोंड लावलं. आणि समाधानला, तिच्यावर बसल्यामुळे, ते कळलं जे दारातल्या कुणालाच कळलं नसतं. घोडीचं अंग अजून थरथरत होतं, तिच्या बरगड्या त्याच्या मांड्यांना लागून भात्यासारख्या हलत होत्या. शिंगराने ओढायला सुरुवात केली आणि ती थरथर मागून पुढे विरत गेली. तिने एक लांब श्वास सोडला. तिच्या मानेवरचा घाम त्याच्या हाताखाली गार झाला. दूध ओढल्याचा चुटचुट आवाज, एवढंच ऐकू येत होतं.

समाधान खाली उतरला. नवरदेवाने औक्षण होईपर्यंत उतरायचं नसतं, पण तिच्या पाठीवर बसून राहणं त्याला बरं वाटलं नाही.

सोपानराव पुढे आले. बायका बाजूला झाल्या. ते थेट शिंगरापाशी येऊन थांबले, हात मागे बांधून, कारखान्यात एखादं नवीन यंत्र बघायला थांबत असतील तसे. शिंगराचा एक कान त्यांच्याकडे वळला, दुसरा आईकडेच राहिला.

"हिला कळत नाही का," त्यांनी विचारलं, "की हे आपल्यातलं नाही?"

समाधानकडे याची उत्तरं होती. वासाची, पहिल्या तासात जुळणाऱ्या ओळखीची. त्याने ती मनात जुळवलीही.

"माहीत नाही, मामा," तो म्हणाला.

इनायतभाई लंगडत, धापा टाकत पोचले. "कुणाचं हे?" सोपानरावांनी विचारलं. इनायतभाईंनी घाम पुसला, बिजलीकडे पाहिलं, मग गुलाबी फेट्याकडे. "माझं," ते म्हणाले. "आणि या दत्तोबांचं. व्याही आहेत माझे." दत्तोबांनी फेटा सावरला.

तेवढ्यात शिंगराने तोंड सोडलं, मान वर केली आणि आवाज दिला. सुरुवात खिंकाळीने झाली, बारीक, स्वच्छ. अर्ध्यात तो आवाज फुटला, जड झाला, आणि शेवटी गाढवाच्या ओरडण्यासारखा आत-बाहेर होत संपला. ताटांतली निरांजनं हलली. दोन्हीकडची माणसं त्या जनावराकडे अशी बघत राहिली, की जणू कुणीतरी त्यांना त्यांच्याच भाषेत हाक मारावी आणि शब्द मात्र कधीच न ऐकलेले असावेत. कार्यालयाच्या दारात स्वरूपा उभी होती, शालूत, बाशिंग बांधून. अंतरपाटाआधी नवऱ्याने तिला बघायचं नसतं. ती नवऱ्याला बघतच नव्हती.

"अण्णा," ती म्हणाली, "जवळून बघू का?"

सोपानराव थोडे सरकले, आणि त्यांच्याशेजारी एका माणसाची जागा झाली. ती तिथे येऊन उभी राहिली. शिंगराने तिच्या हिरव्या चुड्याचा वास घेतला, त्यात खाण्यासारखं काही नाही हे ठरवलं आणि पुन्हा आईच्या पोटाखाली डोकं घातलं.

रस्त्याच्या वळणावरून ताशा ऐकू आला. नवरदेव हरवलेलं वऱ्हाड धावत येत होतं, सगळ्यांच्या पुढे गोजाबाई, हातात चपला घेऊन. दारात सगळी मंडळी गोळा झालेली बघून ताशेवाल्यांना वाटलं, स्वागतच चाललंय, आणि त्यांनी काड्या उगारल्या.

सोपानरावांनी हात वर केला.

"थांबा रे," ते म्हणाले. "वाजवू नका. पितंय अजून."